लावलद

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "अप्पा, रेकॉर्ड रूममधल्या गमतीजमती लिहून द्या. दिवाळी अंक आहे, काहीतरी हलकंफुलकं पाहिजे." आता काय बोलावं! छत्तीस वर्षं मी मेलेल्या माणसांची नावं वाचायची नोकरी केली. गमती झाल्याच नाहीत असं नाही, पण हसून झाल्यावर एकदा मागं वळून बघावं लागायचं. मी त्याच सांगणार. ज्यांना हलकंफुलकं पाहिजे त्यांनी पुढचं पान काढावं, आपला राग नाही.

मी मूळचा बोरीचा. घर लिंगायताचं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि वडलांच्या तोंडात अस्सल उर्दू. त्यांच्या काळी आमच्याकडं निजामाचं राज्य. शाळा, कचेरी, कोर्ट सगळं उर्दूत. माणूस घरात मराठीत भांडायचा आणि फिर्याद उर्दूत द्यायचा. वडील त्याच शाळेत शिकले आणि तेवढी एक इस्टेट त्यांनी मला दिली.

कारकुनांची उर्दू छापील पुस्तकासारखी नसते. घाईत लिहिलेली, मोडलेली, एक अक्षर दुसऱ्याच्या अंगावर पडलेलं. अक्षराच्या वर-खाली टिंब असतं त्याला नुक्ता म्हणतात. तो वर टाकला तर एक अक्षर, खाली टाकला तर दुसरंच. कारकून हे नुक्ते सर्रास गाळायचे, नाहीतर कुठंतरी लांब टाकून मोकळे व्हायचे. वडील मला सांगायचे, "आधी नुक्ते मोज. अक्षरं काय पळून जात नाहीत." एवढं ऐकलं असतं तर हा लेख लिहायची पाळी आली नसती.

ह्या विद्येवर मला आमच्या जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत जुनं उर्दू वाचायला घेतलं. कोणत्या तालुक्यात ते सांगत नाही. ज्या गावाची गोष्ट सांगणार आहे तिथं दोन्ही पक्षांची घरं अजून समोरासमोर आहेत.

रेकॉर्ड रूम म्हणजे दगडी इमारतीतली मागची खोली. एकच दार, एक झरोका तोही छताजवळ. दोन्ही बाजूंना लोखंडी घोडे, म्हणजे फळ्यांच्या मांडण्या, त्यावर लाल फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे. त्यांना आम्ही बस्ते म्हणायचो. कडुनिंबाचा पाला आणि डीडीटीची पावडर ह्यांचा मिळून एक वास असतो, तो अजून माझ्या सदऱ्यांना येतो असं घरचे म्हणतात. एकेका बस्त्यात एकेक गाव. कोण कुणाची जमीन कसतो, कोण मेला, त्याच्या जागी कोण आला. निजामाचं राज्य गेलं आणि आपण देशात आलो, त्याची पुस्तकात एक तारीख असते. मी ते राज्य पानावर बदलताना बघितलं आहे. वरच्या ओळी उर्दूत, खालच्या मराठीत. शाई तीच, कारकूनही तोच. मराठी ओळींत त्याचा हात फक्त थरथरलेला दिसतो.

जुन्या लोकांचे तिथं दोन नियम होते. बस्ता उचलायच्या आधी त्यावर तीनदा थाप मारायची. साप-विंचू निघून जावा म्हणून, असं नव्या माणसाला सांगत. आणि दुसरा, खोलीत एकटं असताना कुणाचं नाव मोठ्यानं वाचायचं नाही. ह्याचं कारण कोणी सांगत नसे. विचारलं तर म्हणत, "वाचू नको म्हटलं ना? मग नको वाचू."

गिऱ्हाईकं काय काय यायची म्हणून सांगू! गंगाखेडकडचा एक रिटायर्ड कंडक्टर आला होता. त्याला ना जमीन पाहिजे होती ना दाखला. म्हणाला, "आज्याचा आंगठा बघायचाय फकस्त. फोटू न्हाई वो आमच्याकडं." मी पान काढून दिलं. काळ्या शाईत उठलेला अंगठा, रेघा स्पष्ट. त्यानं आपला अंगठा हळूच त्यावर ठेवला आणि चटका बसल्यागत ओढून घेतला. "गरम लागालंय की वो," म्हणाला. मी बोट लावलं, मला कागद गारच लागला. त्यानं नक्कल मागितली होती. ती तयार करून ठेवली, पण माणूस न्यायला आलाच नाही.

असं पुष्कळ आहे. पण ज्यासाठी लिहायला बसलो ते एकच आहे आणि त्यात मी स्वतः गुन्हेगार आहे.

आधी बाहेरच्यांना थोडं समजावतो. देशात आल्यावर आमच्याकडं कूळ कायदा आला. मालकाची जमीन जो पिढ्यान्‌पिढ्या कसतो त्याचं नाव कूळ म्हणून लागलं, की त्याला कोणी हुसकावू शकत नाही. पुढं तोच त्या जमिनीचा मालक. लय मोठी गोष्ट होती ती. कालपर्यंत मालकासमोर चप्पल घालून उभं न राहणारा माणूस कागदावर त्याच्या बरोबरीनं आला. कूळ मेलं तर हक्क त्याच्या मुलाला. मूलबाळ नसेल तर मात्र जमीन परत मालकाकडं. ‘मूलबाळ नसलेला’ ह्याला जुन्या दप्तरात एकच शब्द आहे, लावलद. आणि ‘अमक्याचा मुलगा’ ह्याला शब्द आहे, वलद. आमच्या बस्त्यांत माणसांची नावं अशीच लिहिलेली असतात, किसन वलद रामा, रामा वलद तुका.

मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. चोवीस वर्षांचा होतो. जिल्ह्यात माझ्याइतकं भराभर वाचणारा दुसरा नाही, असं साहेब म्हणायचे आणि माझंही तेच मत होतं. एका गावच्या मालकानं अर्ज दिला की आमचं कूळ मल्ला नावाचा माणूस होता, तो निपुत्रिक मेला. आता जमिनीवर जो बाला बसला आहे तो मल्लाचा कोणी नाही, आमचाच सालगडी आहे. साहेबांनी मला मूळ नोंद वाचून मराठी करायला सांगितली.

मी पान काढलं. कडेला वाळवीनं खाल्लेलं होतं, ओळीच्या मधोमधही हरभऱ्याएवढं भोक. मी वाचलं, ‘मल्ला फौत’. फौत म्हणजे मेला. मग भोक. भोकानंतर ओळीच्या शेवटी ‘लावलद’. पुढची ओळ ‘मल्ला, काबिज’ अशी सुरू होत होती. काबिज म्हणजे ज्याच्या ताब्यात जमीन आहे तो. मेलेल्याच्या ताब्यात जमीन कशी असेल? निजामी कारकून काहीही लिहितो, असं म्हणून मी तिथं ‘पुढे अस्पष्ट’ लिहिलं आणि हात झटकले. अर्ध्या घंट्याचं काम.

अशी मराठी नक्कल झाली की तिची रुजवात घ्यावी लागते. म्हणजे एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून जुळवायचं, मग दोघांनी सह्या करायच्या. माझ्यासोबत वहाबचाचा होते. चुडाव्याचे, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, पान खाऊन हळू बोलणारे. भर दुपार होती. खोलीत आम्ही दोघंच. मूळ माझ्या हातात, नक्कल त्यांच्या. मी वाचलं, "मल्ला फौत, लावलद."

"हाय की," कोणीतरी म्हणालं.

आवाज शांत होता. शाळेत हजेरी देतात तसा. मला वाटलं वहाबचाचा बोलले. ओळ जुळली की ते कधी ‘हां’ म्हणत, कधी ‘बरोबर’ म्हणत. मान वर केली तर ते माझ्याकडंच बघत होते. मग त्यांनी मान खाली घालून सही केली, मीही केली.

बाला तारखेला आला तेव्हा मी त्याला पहिल्यांदा बघितलं. पासष्टीचा, उंच, कपाळाला विभूती. म्हणजे आमच्यातलाच. साक्ष द्यायला गावातून एक माणूस आला नाही, मालकाच्या घरासमोरून रोज जायचं होतं सगळ्यांना. बाला म्हणत राहिला, "मी मल्लाचा ल्योक हाय, सायेब. माझ्या बापाला मी ह्या हातानं बसिवलंय त्या शेतात." साहेब म्हणाले, "कागद काय म्हणतो ते ऐकलं ना?" माणूस समोर उभा होता आणि माझा कागद म्हणत होता की हा जन्मलाच नाही. साहेबांनी कागद धरला.

निकालानंतर तो रेकॉर्ड रूमच्या दारात आला. भांडायला आला असेल म्हणून मी सावध झालो. तर हात जोडून म्हणाला, "मी कुटं न्हाई, तेवडं दावा."

मी पान उघडून दाखवलं. त्याला अक्षर येत नव्हतं. तरी वाकून लय वेळ बघत राहिला आणि मग त्यानं बोट बरोबर त्या भोकावर ठेवलं.

"हे काय हाय?"

"भोक आहे. वाळवीनं खाल्लंय."

"मंग मी तितंच आसन," तो म्हणाला.

मी हसलो. त्याच्या तोंडावर हसलो. पुढं महिनाभर चहाच्या टपरीवर हा किस्सा रंगवून सांगितला, बाकीचेही पोट धरून हसले. आज त्या हसण्याची आठवण झाली की जेवण जात नाही. बाला त्याच वर्षी वारला, असं कानावर आलं. मी हळहळलो नाही की काही नाही. पुढं बदल्या झाल्या, मुलं शिकली, मी रिटायर झालो.

रिटायर झाल्यावर दोन-चार वर्षांनी आमची किंमत अचानक वाढली. ज्याला त्याला जातीच्या दाखल्यासाठी पणजोबाचा पुरावा पाहिजे आणि उर्दू वाचणारं कोणी उरलेलं नाही. कचेरीनं मला मानधनावर परत बोलावलं. तीच खोली, तेच घोडे. फक्त झरोक्यात पंखा बसवला होता.

एका मंगळवारी एक म्हातारी बाई आली. पंचाहत्तरीची असेल, अंगानं बारीक. दारातूनच "शरणार्थ, अप्पा," म्हणाली. हा आमच्यातला नमस्कार. नाव गयाबाई. कापडी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून तिनं माझ्यापुढं ठेवला.

"लावलद मंजी काय वो, अप्पा?"

मी कागद बघितला. अक्षर माझं होतं. चोवीस वर्षांच्या पोराचं झोकदार अक्षर, खाली सही, शेजारी वहाबचाचांची सही. ही बालाची सून.

तिची मागणी ऐका. आमच्यात मयताला जाळत नाहीत, मांडी घालून मातीत बसवतात. बायका ‘पुरलं’ म्हणत नाहीत, ‘बसवलं’ म्हणतात. ज्याला शेत आहे त्याची माणसं शेताच्या कोपऱ्यात बसलेली असतात. मल्ला त्या शेतात बसला होता. बाला वारला तेव्हा मालकानं मेहरबानी म्हणून त्यालाही बसवू दिलं. मग गयाबाईचा नवरा. आता मालकाच्या नातवानं तारेचं कुंपण घातलं होतं आणि सांगितलं होतं, यापुढं कोणी नाही.

"जमीन द्या म्हनत न्हाई मी," गयाबाई म्हणाली. "कसायला कोण हाय आता? लेकी दिल्या घरी गेल्या. मला माझ्या मानसांत बसायचंय, येवडंच. डाक्टर म्हनालाय, लय दिवस न्हाईत. तुमी त्यो कागूद पुन्यांदा बगा."

मी काय केलं असेल? "बस्ता सापडत नाही, पुढच्या मंगळवारी या," म्हणालो. बस्ता माझ्या पाठीमागं होता, दुसऱ्या घोड्यावर, वरून तिसरा. पुढच्या मंगळवारी तेच सांगितलं. त्याच्या पुढच्याही. ती एवढ्या उन्हात यायची, व्हरांड्यातल्या बाकावर तासभर बसायची आणि जायची. एकदाही चिडली नाही. मला स्वतःची चूक सापडेल ह्याची भीती वाटत होती. खोटं कशाला बोलू, तेवढीच वाटत होती.

तिसऱ्या मंगळवारी ती गेल्यावर मी बस्त्यावर तीन थापा मारल्या आणि तो खाली काढला. लाईट गेली होती. पान घेऊन दाराच्या उजेडात आलो, भिंग लावलं आणि ह्या वेळी वडलांचं ऐकलं. आधी नुक्ते मोजले.

एक नुक्ता जास्त होता. भोकाच्या खाली, जरा बाजूला. त्या वेळी मी त्याला वाळवीचा डाग समजलो होतो. नखानं खरवडून बघितला, निघाला नाही. शाईचा होता, कागदात मुरलेला. खाली एक नुक्ता म्हणजे ‘ब’. भोकात ‘बा’ होता. ‘बा’ वाळवीनं खाल्ला आणि ‘ला वलद’ मागं राहिलं. मी ते जोडून ‘लावलद’ वाचलं. आता ओळी लागल्या: मल्ला फौत. बाला वलद मल्ला, काबिज. मल्ला मेला, त्याचा मुलगा बाला, जमीन त्याच्या ताब्यात.

म्हातारा म्हणाला होता ना, मी तितंच आसन! गावात त्याला बाळाप्पा म्हणायचे. मालकाचं नाव त्या पानावर सगळ्या उपाध्यांसकट दोन ओळींत आहे. कुळाच्या नावामागं ‘अप्पा’ लावायचे कष्ट कारकुनानं घेतले नाहीत, बाळाप्पाचा बाला केला. तेवढा ‘अप्पा’ लावला असता तर वाळवीनं कितीही खाल्लं तरी त्याचं लावलद झालं नसतं. देशानं दिलेला हक्क त्याच्या दारापर्यंत आला होता आणि मी तो एका टिंबापायी परत पाठवला.

आणि मी नियम मोडला. खोलीत एकटा होतो तरी मोठ्यानं वाचलं, "बाला वलद मल्ला."

उत्तर आलं नाही. मी कान देऊन उभा राहिलो. मग घोड्यांच्या पलीकडं, भिंतीच्या बाजूला, कोणीतरी फरशीवर बसल्याचा आवाज आला. म्हातारा माणूस गुडघ्यावर हात टेकून, हुश्श करून, मांडी घालतो तसा. मी तिकडं गेलो नाही. पान जागेवर ठेवून खोलीला कुलूप लावलं आणि त्या दिवशी घरी लवकर आलो.

दुसऱ्या दिवशी रेल्वेनं चुडाव्याला गेलो. वहाबचाचा ऐंशी ओलांडलेले, डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण आवाजावरून ओळखलं. मी सरळच विचारलं, "चाचा, त्या मल्लाच्या रुजवातीला ‘हाय की’ तुम्ही म्हणालात ना?"

त्यांनी तोंडातलं पान एका गालात सारलं. मग म्हणाले, "मैं कायको बोलूंगा, बेटा? ‘हाय की’ मेरी जबान हैच नै. मैं तो समज्या तू बोल्या. तू बोरी का, तुम्हारे गाँव में बोलते वैसा."

"मी नाही बोललो, चाचा."

"मेरेको मालूम है. तेरे होंट बंद थे."

"मग तेव्हाच विचारलं का नाही?"

"तू कायको नै पूछ्या?" ते म्हणाले.

रुजवातीच्या त्या दुपारी खोलीत तिसरं कोणी नव्हतं आणि बालाची पहिली तारीख त्यानंतर आठ दिवसांनी होती. मल्लाला मूल नाही, असं मी वाचलं होतं. त्यावर ‘हाय की’ म्हणायला कोण पुढं येईल, ते तुम्हीच ठरवा. चाचांनी माझा हात धरून ठेवला होता. निघताना म्हणाले, "मेरी भी दस्तखत है उसपे. मेरा भी नाम लिख देना."

मी दोघांची नावं लिहिली. दोन पानी लेखी जबाब दिला, की भाषांतर चुकलं आहे, चूक माझी आहे. घरात भांडण झालं. मुलगा म्हणाला, "बाबा, पेन्शन खाताय ना सुखानं? कशाला पाहिजे हे?" कचेरीतले जुने लोक बोलेनासे झाले. गयाबाईला मात्र मी एवढंच सांगितलं, की कागद सापडला आणि त्यात बाला आहे. कुणी चुकवलं ते सांगायला जीभ रेटली नाही.

सुनावणी एका तरुण बाईसाहेबांपुढं झाली. मालकाच्या नातवाचा वकील जोरात होता. मला म्हणाला, "तुम्ही तेव्हा खोटे होता की आता खोटे आहात?"

"तेव्हा शहाणा होतो, साहेब," मी म्हणालो.

लोक हसले. बाईसाहेब हसल्या नाहीत. त्यांनी पान उजेडाकडं धरलं, भिंग लावलं, मागून-पुढून तो नुक्ता बघितला. मला दोन्ही ओळी तीनदा वाचायला लावल्या. मग म्हणाल्या, "जमिनीचा निकाल इतक्या वर्षांनी मला इथं बसून फिरवता येणार नाही. त्यासाठी वरती जावं लागेल, त्याला वर्षं लागतील. भाषांतर मात्र मी आज दुरुस्त करते." गयाबाईला त्यातलं ‘वर्षं लागतील’ एवढंच कळलं. तिनं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात मालकाचा नातू उठला. चाळिशीचा, धट्टाकट्टा गडी. वकिलानं त्याचा सदरा ओढला तरी बसला नाही.

"म्याडम, त्यो कोपरा त्यांचा त्यास्नी लिवून द्या. माझ्या आईचं बी तेच म्हननं हाय."

"का बरं?" बाईसाहेबांनी विचारलं.

तो घुटमळला. "खुरपायला आठ बाया लावल्या की त्या कोपऱ्यापाशी नऊ दिसत्यात, म्याडम. बांधावरनं मोजलं की नऊ. जवळ गेलं की आठ. आता बाया यायला तयार न्हाईत. कुंपन घातल्यापून तर लयच झालंय."

कोणी हसलं नाही. बाईसाहेबांनी पेन उघडलं. मग त्याची संमती लिहून घेतली आणि हुकूम केला, की सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ ह्या रकान्यात नोंद घ्यावी. बाला वलद मल्ला ह्यांच्या वारसांना त्या कोपऱ्यात मयत बसवण्याची वहिवाट, कायमची. कुंपणाला तिथं वाट ठेवायची. मी गयाबाईला हळूच सांगितलं, "झालं. तुम्हाला तिथं बसता येईल." तिनं पदर तोंडाला लावला आणि लय वेळ काढला नाही.

बाहेर आलो. सकाळचे अकरा वाजले होते, व्हरांड्यात माणसांची ही गर्दी. आम्ही बाकावर टेकलो, ती एका टोकाला, मी मधे. आतलं वकिली बोलणं तिला उमगलं नसावं. आता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नाही, असं वाटलं.

"गयाबाई, तो पहिला कागद मी लिहिला होता. तुमच्या सासऱ्याला मी खोडलं."

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कसं काय?"

"मामंजी सांगून गेल्ते. त्या पोराच्या उजव्या भुवईवर चामखीळ हाय, म्हनले. त्यालाच पुन्यांदा वाचाया लावा. त्यो चुकलाय, लबाड न्हाई."

माझा हात आपसूक भुवईकडं गेला. "मग पहिल्याच मंगळवारी बोलला का नाहीत? मी तुम्हाला तीनदा खोटं सांगून परत पाठवलं."

"तुमच्या तोंडून यावं म्हनून आले वो दर मंगळवारी. आधी बी दोन बारी आल्ते, तुमची बदली झाल्ती. दुसऱ्या कुनाला दावलाच न्हाई कागूद." तिनं पिशवी मांडीवर घेतली. "आता येवडं त्यास्नी सांगा."

"कुणाला?"

"मामंजीला. बसल्यात की तुमच्या बाजूला."

मी डावीकडं बघितलं. बाकावर हातभर जागा मोकळी होती. पलीकडं माणसं भिंतीला टेकून उभी होती, दोघं-तिघं जमिनीवर उकिडवे बसले होते. त्या जागेवर कोणीच बसलेलं नव्हतं. मी जरा सरकलो. लोक बघत होते, बघेनात का.

"बाळाप्पा," मी म्हणालो, "चुकलो. तुमचं नाव तिथंच होतं. मी हसायला नको होतं."

गयाबाई मान कलती करून थांबली, कोणी काही बोलत असलं की ऐकत थांबतात तशी. मग तिनं मान हलवली आणि उठली.

"चला मामंजी, यष्टी जाईल," म्हणाली.

व्हरांड्याच्या चार दगडी पायऱ्या आहेत, उंच आहेत. ती एकेका पायरीवर थांबत उतरली, आणि प्रत्येक पायरीवर तिनं उजवा हात बाजूला धरला, म्हाताऱ्या माणसाला आधार देतात तसा. एसटी स्टँडच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत तिनं तो हात खाली घेतला नाही.